गौरीला बायका कमी पडतात, की खेळ चुकतो?

मंगळवार पेठेत खासबागेच्या आसपास जुने वाडे पडून अपार्टमेंटं उभी राहिली, तशी गौरीच्या रात्रीची एक तक्रार ठरलेली झाली. "पाच-सहाच जणी आहोत, खेळायचं काय?" या प्रश्नामागे काही समजुती आहेत, त्या एकदा तपासायला हव्यात.

गैरसमज : झिम्मा-फुगडीला पंधरा-वीस जणी लागतात.
हे डोक्यात भरवलं स्पर्धांनी. स्टेज भरलेलं दिसावं म्हणून तिथं मोठा संघ लागतो. फुगडी मुळात दोघींची. बसफुगडी तर एकटीलाही घालता येते आणि पिंग्याला समोरासमोर दोघी पुरतात. झिम्म्यात टाळीला जोडीदारीण हवी एवढंच. पाच असतील तर पाचवीनं मधोमध उभं राहून गाणं सांगायचं आणि दर गाण्याला बदली करायची. ही बदली सोडू नका. वीस जणींत निम्म्या दम खातात, पाच जणींत तशी उसंत मिळत नाही. दोन फुगड्यांमध्ये एखादं संथ फेराचं गाणं घ्यावं.

गैरसमज : गोफ आठ जणींशिवाय विणला जात नाही.
गोफाला सम संख्या हवी, आठच हव्यात असं नाही. निम्म्या उजवीकडून, निम्म्या डावीकडून निघतात आणि समोरून येणारीला एकदा आतून, एकदा बाहेरून ओलांडतात. हा नियम चौघींनाही चालतो. वीण बारीक येते, पण उलट्या पावलांनी सुटतेही तितकीच स्वच्छ. तिघीच असाल तर फेर सोडून द्या आणि तीन पेडांची वेणी घालतात तशा पावलांनी खेळा. दोर आखूड घ्या, नाहीतर सोप्यात वळायलाच जागा उरत नाही. पूर्वी दोर तुळईला बांधत. फ्लॅटमध्ये ते पंख्याच्या कडीला बांधायचा मोह मात्र आवरा!

गैरसमज : टिपरीच्या दोन फेरांत आपोआप सगळ्यांशी गाठ पडते.
इथं खरी गंमत आहे. आतल्या फेरात चौघी, बाहेरच्या फेरात चौघी. दोन्ही फेर एकेक घर उलट दिशांनी सरकले, तर दोघींमधलं अंतर दर वेळी दोन घरांनी बदलतं. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला चारातल्या दोनच जणी येतात आणि त्याच पुन्हा पुन्हा. उपाय सोपा आहे. एकच फेर सरकवा, दुसरा जागेवर ठेवा, चौघींशी टिपरी वाजते. तीन-तीन जणी असतील तर दोन्ही फेर खुशाल सरकवा, तिथं हिशेब आपोआप जमतो. पंचवीस-तीस जणींत ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही, आठ जणींत लगेच कंटाळा येतो.

अमेरिकेतल्या कॉन्ट्रा डान्सलाही कमी माणसांत अडचण येते. तिथं जोड्या लांब रांगेत उभ्या राहून दोन-दोन जोड्यांनी नाचतात आणि पुढं सरकतात. तीनच जोड्या असल्या तर दर फेरीला एक जोडी रिकामी राहते. म्हणून कमी माणसांत तिथले जाणकार रांग मोडून गोल किंवा चौकोनी रचनेचे नाच निवडतात.

गैरसमज : कमी जणींत खेळ फिका पडतो.
मोठ्या संघाचा खेळ जसाच्या तसा उचलला तर पडणारच. यंदा आधी डोकी मोजा, मग खेळ ठरवा. दोघी असाल तर फुगडी, चौघी असाल तर गोफ, सहाजणी असाल तर टिपरी. आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या वहिनींना हाक मारायला विसरू नका.