सबसिडी मंजूर झाल्याचा मेल आलाय? थांबा!

१ जूनपासून बंदी, ट्रॉलर जेटीला लागलेले, हातात पैसा नाही. नेमके तेव्हाच हे मेल सुरू होतात. आपल्या एका सभासदाला आला: मत्स्य संपदा योजनेतून तुमची सबसिडी मंजूर, फाईल पुढे सरकवायला आज संध्याकाळपर्यंत ४,९९९ रुपये भरा. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का. बाबाने भरले. दुसऱ्या दिवशी 'जीएसटी'चे आणखी मागितले, तेव्हा तो सोसायटीत आला.

मोबाईलवर नाव 'फिशरीज डिपार्टमेंट' दिसत होतं. नावावर बोट ठेवलं तर खाली साधा जीमेलचा पत्ता! नाव काय, कोणीही काहीही लावतो. सरकारी पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'वर संपतो. पण पत्त्याहून मोठी खूण म्हणजे पैशाची मागणी. सबसिडी थेट बँक खात्यात जमा होते, ती द्यायला खातं तुमच्याकडेच पैसे कशाला मागेल? आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात. मध्ये कुठे सापडले तर बँक अडवून ठेवू शकते. उशीर झाला की ती आशा कमी. मेल पुसू नका, तोच पुरावा. नंतर 'गेलेले पैसे काढून देतो, फी भरा' असा फोन आला तर तोही त्यांचाच भाऊ समजा.

शंका आली तर मोबाईल घेऊन सोसायटीत या. बंदीतही सकाळी ऑफिस उघडं असतं.