पसंतीक्रम भरताना
बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचं, तर एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलइतकाच ‘कॅप’चा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म महत्त्वाचा असतो. तरी घरोघरी तो शेवटच्या रात्री, सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरला जातो, याचं वाईट वाटतं.

संगणक गुणवत्ता यादीतल्या प्रत्येकाचा फॉर्म वरून खाली वाचतो आणि मिळू शकणारी पहिली जागा देतो. म्हणून आवाक्याबाहेरचं वाटणारं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. गेल्या वर्षीचे कटऑफ अंदाजापुरते पाहावेत. क्रम मात्र आवडीचाच असावा. एक सावधगिरी हवीच: पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. त्या पहिल्या क्रमांकावर मन नसलेलं नाव नको.

कागदपत्रांची तयारी अकरावीतच सुरू करावी. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागू शकतात आणि ते वेळेत न आल्यास राखीव जागा हातची जाते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासावी. शिक्षकांनी हे पालकसभेत सांगायला हवं, विशेषतः ज्यांच्या घरातून कॉलेजात जाणारं हे पहिलंच मूल आहे त्यांना.