घरीं बांधलेलें विमान

कोपरगांव तालुक्यांतील काकडी येथें १ ऑक्टोबर २०१७ रोजीं विमानतळ सुरू झाला, आणि गोदाकांठच्या ऊंसकरी मुलखाच्या डोक्यावरून विमानें जाऊं-येऊं लागलीं. शिर्डीच्या यात्रेकरूंकरितां केलेल्या तेथील अडीच हजार मीटर लांबीच्या धांवपट्टीवर उतरणारें विमान कोणीं बांधलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आगगाडीचें इंजिन जसें कारखान्यांतून यावयाचें, तसेंच विमानहि, अशी आपली समजूत असते. परंतु जगांत अशींहि हजारों विमानें आहेत, कीं जीं एखाद्या गृहस्थानें घराशेजारच्या छपरांत, तळघरांत किंवा गच्चीवर स्वतःच्या हातांनीं बांधलीं आणि स्वतःच उडविलीं. अमेरिकेंत तर कायद्यानें त्यांची एक निराळी जातच मानली आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानें शिक्षणाच्या वा करमणुकीच्या हेतूनें स्वतः केलेलें असलें, म्हणजे तें विमान त्या जातींत बसतें. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं विस्कॉन्सिन प्रांतांत अशा हौशी लोकांची एक संस्था काढली. तिचा ऑशकॉश येथील वार्षिक मेळा १९७० पासून प्रसिद्ध आहे. शिवाय लहान लहान गांवांच्या धांवपट्ट्यांवर सुटीच्या दिवशीं असे मेळे भरतात ते निराळेच.

अशा एखाद्या मेळ्यांत घरचें विमान उडविणें म्हणजे काय, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. प्रेक्षकाला दिसतात तीं पांचसात मिनिटें. त्या मिनिटांपूर्वीं काय घडलेलें असावें लागतें तें दिसत नाहीं, आणि तेंच खरें महत्त्वाचें आहे.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर कॅप्टन अमोल यादव यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. हे व्यवसायानें वैमानिक. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांतील एका इमारतीच्या गच्चीवर कित्येक वर्षें खपून त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. तें खालीं आणण्यासाठीं क्रेन लावावी लागली. फेब्रुवारी २०१६ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें, पण जमिनीवर उभें असलेलें. सरकारी नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्यें, चाचणीचा परवाना मिळाला तो २०१९ मध्यें, आणि धुळ्याच्या धांवपट्टीवर चाचणी-उड्डाण झालें तें ऑगस्ट २०२० मध्यें. कागद आणि कचेऱ्या यांपायीं गेलेल्या वर्षांबद्दल पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली, ती रास्त आहे. हौशी कारागिराची वाट आपल्याकडे अमेरिकेइतकी रुळलेली नाहीं. तथापि या क्रमांतील एक गोष्ट मला योग्य वाटते. विमान गर्दीपुढें आलें तें उभें राहण्यासाठीं, आणि प्रथम उडालें तें गर्दीपासून दूर.

(येथें कांहीं श्रोत्यांना गिरगांव चौपाटीची आठवण झाली असेल. १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं तेथें लोकांदेखत विमान उडविलें, ही कथा आपण आवडीनें सांगतों. तिला समकालीन पुरावा मिळालेला नाहीं. ज्या 'वैमानिक शास्त्र' नांवाच्या ग्रंथाचा तिच्याशीं संबंध जोडतात, त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं दिला. अभिमानाला खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.)

गर्दी आणि चाचणी यांचें हें वांकडें फार जुनें आहे. ८ डिसेंबर १९०३ रोजीं सॅम्युएल लँगली या नामांकित शास्त्रज्ञाचें विमान वृत्तपत्रकारांसमक्ष पोटोमॅक नदींत कोसळलें. नवव्या दिवशीं राइट बंधूंनीं आपल्या सायकलीच्या दुकानांत तयार केलेलें यंत्र किटी हॉकच्या वाळूवरून बारा सेकंद उडविलें, आणि तें पाहावयास हजर होते पांच इसम. पण त्या बारा सेकंदांमागें आदल्या वर्षीं बिनइंजिनाच्या विमानांतून मारलेल्या शेंकडों घसरभराऱ्या होत्या.

आतां समजा, कोपरगांवच्या एखाद्या कुशल कारागिरानें दोन आसनांचें विमान बांधलें. पहिलें काम तें तोलण्याचें. विमानाच्या तीन चाकांखालीं तीन काटे ठेवतात. नाकाच्या चाकाखालीं १०० किलो आणि मागच्या दोन चाकांखालीं प्रत्येकीं २०० किलो भरले, आणि नाकाचें चाक मागच्या आंसापासून दीड मीटर पुढें असलें, तर १०० ला दीडनें गुणून ५०० नें भागावें. उत्तर ०·३. म्हणजे साऱ्या विमानाचा भार आंसाच्या ३० सेंटिमीटर पुढें एकवटला आहे. वैमानिक बसल्यावर आणि पेट्रोल भरल्यावर हा बिंदु सरकतो, म्हणून प्रत्येक वेळीं हिशेब पुन्हां करावयाचा.

या हिशेबाला एवढें महत्त्व कां, हें उंसाची गाडी हांकणारा माणूस चटकन समजेल. गाडी मागें जड भरली कीं ती उलाळ होते. जूं वर उचलूं लागतें आणि बैलांना धड पाऊल टाकतां येत नाहीं. पुढें जड झाली तर भार मानेवर येतो, पण गाडी चालते. विमानाचें तसेंच. पुढें जड विमान जमीन सोडावयास कुरकुर करतें, परंतु नाक खालीं झुकलें तर वेग वाढतो आणि तें सांवरतें. शेपटीकडे जड असलेल्या विमानाचें नाक वर चढत जातें. पंख आणि समोरून येणारी हवा यांमधील कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढें गेला, म्हणजे पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते, उचल एकदम घटते, आणि विमान पडूं लागतें. पुष्कळ उंचीवर असलें तर वैमानिक नाक खालीं करून पुन्हां वेग घेईल. धांवपट्टी नुकतीच सोडलेली असेल, तर त्याला तेवढी जागाच नसते. पांच-दहा सेंटिमीटरांचा फरक येथें माणसाच्या जिवाशीं गांठ घालतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोपरगांव समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच. वैशाखांत दुपारीं पारा ४२ अंशांवर गेला, कीं तेथील हवा समुद्रकांठच्या प्रमाण हवेपेक्षां सुमारें चौदा टक्के विरळ होते. विमानशास्त्रांतील प्रमाण तक्त्यांत एवढी विरळ हवा १,६०० मीटर उंचीवर सांपडते. अर्थात् याच जिल्ह्यांतील कळसूबाईच्या माथ्याशीं तुलना करावी, इतकी ती उंची आहे! नदीकांठच्या सपाट रानांत उभें असलेलें विमान त्या दुपारीं जणूं डोंगरमाथ्यावर उभें असतें. विरळ हवेंत पंखांना उचल कमी, पंख्याला पकड कमी, आणि इंजिनाच्या छातींत दम कमी. वेग अधिक गांठावा लागतो, आणि तो गांठावयास धांवपट्टी अधिक खर्ची पडते. सकाळीं ज्या पट्टीवरून विमान सुखानें उडालें, तिच्यावरून दुपारीं दोन माणसें घेऊन उडेलच, असें नाहीं. मेळे मात्र भरतात भर दिवसा, लोकांच्या सोयीनें.

पहिलें उड्डाण म्हणून भल्या पहांटे करतात. त्यापूर्वीं विमान नुसतें धांवपट्टीवर चालवून पाहावयाचें, मग पळवून पाहावयाचें. जेमतेम उचलून लगेच टेकवावें कीं नाहीं, याबद्दल जाणत्यांत दोन तट आहेत. मला स्वतःला न उचलणाऱ्यांचें मत पटतें, कारण अर्धवट उड्डाणांत पट्टी संपत आलेली असते आणि निर्णय झालेला नसतो. उडावयाचें तें एकट्यानेंच. वर हजारभर मीटरांवर जाऊन वेग हळूहळू कमी करावयाचा, आणि कोणत्या वेगाला पंख हवा सोडतो तो आंकडा टिपून ठेवावयाचा, कारण उतरतांना त्याच आंकड्यावर भिस्त. अमेरिकेंत अशा विमानाला साधारणतः पंचवीस किंवा चाळीस तास दाट वस्तीपासून दूर उडवून घ्यावें लागतें; तोंपर्यंत हौसेखातर कोणालाहि सोबत बसवितां येत नाहीं.

आणि उड्डाण होतांच इंजिन बंद पडलें तर? नाक खालीं करावें आणि समोर जी जागा असेल तेथें उतरावें. उभ्या उंसांत उतरणें सुखाचें नाहीं, विमानाची मोडतोड ठरलेली. तरी मागें वळून पट्टी गांठण्याचा मोह टाळावा. वळतांना विमान कलतें. कललेल्या पंखांची उचल कांहीं अंशीं बाजूला खर्च होते, उंची भराभर उतरते, आणि दोनतीनशें फुटांवरून तें वळण सहसा पुरें होत नाहीं. वर्षानुवर्षें खपून बांधलेलें विमान उंसांत घालावयाचें, हा निर्णय दोन-तीन सेकंदांत घ्यावयाचा असतो. तो जमिनीवर असतांनाच मनाशीं केलेला असावा लागतो.

आतां मेळ्यांचीच एक कथा. फ्रान्सांत आंरी मिन्ये या हौशी माणसानें १९३३ सालीं एक चिमुकलें विमान उडविलें. नांव ठेवलें 'पू द्यु सिएल', म्हणजे आभाळांतली ऊ. इंग्रजांनीं तिची पिसू केली! एकामागें एक असे दोन पंख. पुढचा पंख सबंध कलवून विमान वर-खालीं करावयाचें. १९३४ मध्यें मिन्येनें तें कसें बांधावें याचें पुस्तक काढलें, ऑगस्ट १९३५ मध्यें स्वतः त्यांत बसून इंग्लिश खाडी ओलांडली, आणि इंग्लंडांत घरोघर ठोकाठोक सुरू झाली. मेळ्यांतून या पिसवा लोकांना दाखवूं लागले. मग १९३६ पर्यंत कित्येक वैमानिक एकाच तऱ्हेनें मेले. विमान सूर मारीत असे, वैमानिक दांडा मागें ओढीत असे, आणि सूर अधिकच तीव्र होत असे.

कारण उलगडलें तें इंग्लंड व फ्रान्स येथील वायुबोगद्यांत. दांडा मागें ओढला कीं पुढच्या पंखाची मागची कड खालीं येऊन मागच्या पंखाच्या तोंडाशीं भिडे. मधल्या चिंचोळ्या फटींतून हवा वेगानें मागच्या पंखाच्या पाठीवरून वाहे, त्याची उचल वाढे, शेपूट वर जाई आणि नाक अधिक खालीं. सुटण्याचा उपाय हाच बुडविण्याचा उपाय ठरला. मिन्ये लबाड नव्हता, भित्राहि नव्हता. तो स्वतः त्याच विमानांतून हिंडत होता. पण तेवढा सूर त्यानें कधीं मारलेला नसावा. पुढें रचना सुधारली, आणि सुधारलेल्या पिसवा नीट उडाल्या. इतकें झाल्यावरहि ऑगस्ट १९३६ मध्यें रॅम्सगेट येथें खास पिसवांची शर्यत झालीच.

मोठ्या कारखान्यांचीं विमानेंहि या बाबतींत निर्दोष नाहींत. सप्टेंबर १९५२ मध्यें फार्नबरोच्या मेळ्यांत एक नवें जेट विमान हवेंत फुटलें. त्यांतील दोघे आणि खालचे २९ प्रेक्षक ठार झाले. त्यानंतर नियम कडक झाले. विमान गर्दीच्या रोखानें आणावयाचें नाहीं, गर्दीला समांतर न्यावयाचें, आणि मध्यें ठराविक अंतर राखावयाचें.

म्हणून लहान मेळ्यांत घरच्या विमानाचा खेळ पाहावयास नीरस असतो, आणि तसाच तो असावा. उडावयाचें, दोन घिरट्या घालावयाच्या, बेताच्या उंचीवरून पट्टीला समांतर जावयाचें आणि उतरावयाचें. खालून टाळ्या पडतात, मुलें हात हालवितात, आणि नेमका तेव्हां आणखी थोडें खालीं, आणखी थोडें कलून जाण्याचा मोह होतो. चाचणींत जें केलेलें नाहीं तें मेळ्यांत करावयाचें नाहीं, एवढें बंधन वैमानिकानें आधींच कागदावर लिहून घेतलेलें बरें.

प्रेक्षकांनींहि एक पथ्य पाळावें. विमान थांबलें कीं मुलें त्याच्या नाकाकडे धांवतात. फिरता पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीं. आणि थांबलेला पंखाहि हातानें फिरवूं नये, कारण ठिणगी देणारा मॅग्नेटो बॅटरीवांचून चालतो, आणि त्याची कळ चुकून चालू राहिलेली असली तर गरम इंजिन एकाच वेढ्यांत सुरू होऊं शकतें.