पत्र कार्डावर, की पाकिटात?

पूर्वी घरी पोस्टकार्ड आलं, की ज्याच्या नावचं असेल त्याच्या हाती पडण्याआधी निम्म्या वाड्याने ते वाचलेलं असायचं! म्हणून माहेरी मनातलं काही कळवायचं असलं, की आपल्या आया-सासवा कार्ड बाजूला ठेवून आंतरदेशीय पत्र मागवायच्या आणि त्याची डिंकाची कड दोनदा दाबून बघायच्या. त्यांची काही मोठी गुपितं होती असं नाही. ज्याला लिहिलं त्यानेच वाचावं, एवढंच.

आज विजेचं बिल, मुलांची फी, डॉक्टरांची वेळ हे सारं आपण मोबाइलवरच करतो. पण ते कार्डावर जातं की पाकिटात, हे कधी पाहिलंत का?

वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ ही अक्षरं असतात. ते झालं कार्ड. त्यांच्यापुढे ‘एस’ लागला, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ झालं, की ते पाकीट. मग तुमच्या मोबाइलपासून त्या वेबसाइटपर्यंत सगळा मजकूर सांकेतिक भाषेत जातो. वाटेत कोणी डोकावलंच, तर त्याला नुसता अक्षरांचा काला दिसतो.

हे किती गरजेचं आहे, ते ऑक्टोबर २०१० मध्ये जगाला कळलं. एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाची एक छोटी सोय सर्वांना खुली केली. ती वापरून हॉटेलातल्या उघड्या वाय-फायवर बसलेला कोणीही शेजारच्या टेबलावरच्याचं फेसबुक खातं उघडू शकत होता. कारण तेव्हा बऱ्याच वेबसाइट पासवर्डापुरतंच पाकीट वापरत. पुढचं सगळं कार्डावर! डोळे उघडावेत म्हणूनच त्याने हे केलं होतं. पुढे डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने वेबसाइटना लागणारं प्रमाणपत्र सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला.

तुम्ही म्हणाल, “मी आपली पाककृती बघते, मला काय लपवायचंय?” पण स्तनात गाठ लागली म्हणून घाबरून आपण रात्री काही वाचतो, मुलीच्या पाळीबद्दल शोधतो, स्वतःच्या नावाने चार पैसे ठेवायचे म्हणून व्याजदर पाहतो. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते चारचौघांत वाचून दाखवण्यासारखंही नाही. पाकीट असलं, की तुम्ही कोणत्या वेबसाइटवर गेलात एवढं वाटेतल्याला बहुधा कळतं. तिथे काय वाचलंत, काय लिहिलंत, ते कळत नाही. शिवाय कार्डावरच्या मजकुरात वाटेत खाडाखोडही करता येते. जाहिरात घुसवता येते, फोन नंबर बदलता येतो. दूधवाल्याने वाटेत पाणी घालावं ना, तसंच!

मग एवढं करा:

१. पत्त्याजवळ ‘सुरक्षित नाही’ दिसलं, तर तिथे पासवर्ड, कार्डाचा नंबर, आजारपणाची माहिती मुळीच भरू नका.

२. ब्राउझरने पानभर धोक्याची सूचना दाखवली, तर ‘तरीही पुढे जा’ न म्हणता मागे फिरा.

३. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरण्याची सोय असते. ती चालू करा. जमलं नाही तर मुलांकडून करून घ्या.

आणि एक मात्र विसरू नका. पाकीट बंद आहे म्हणून पत्र लिहिणारा सज्जन, असं नाही. ठगांनाही हे प्रमाणपत्र मिळतं. तेव्हा बँकेच्या पत्त्यातलं अक्षर न् अक्षर वाचा. नजरचुकीने फसलातच, तर घरचे रागावतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आपल्या आया डिंकाची कड दाबून बघायच्या. आपण तो ‘एस’ बघायचा. बघाल ना?