चंदनाच्या बैठकीवरचा गुलाब

मंगलकार्यात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावण्याची आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडण्याची चाल महाराष्ट्रात अजून टिकून आहे. अत्तरदाणीत बहुधा गुलाबाचेच अत्तर असते. पण ते नेमके कशाचे बनले आहे, हे ना यजमान विचारतो ना पाहुणा. सोने घेताना कस पाहणारी, धान्य घेताना मूठभर दाणे तळहातावर घोळवणारी आपली व्यापारी कुटुंबे अत्तराची कुपी मात्र एकदा हुंगतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. अस्सल गुलाबाच्या अत्तराची खरी ओळख पहिल्या हुंगण्यात होत नाही. तिला निदान एक दिवस द्यावा लागतो.

कन्नौजची रीत

उत्तर प्रदेशातील कन्नौज ही एकेकाळी सम्राट हर्षवर्धनाची राजधानी. आज या गावाचे नाव अत्तरामुळे सर्वतोमुखी आहे. तेथील सुगंधांना २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला, अस्मत बेगम हिला दिले आहे. गुलाबजल काढताना पाण्यावर आलेला तेलाचा तवंग तिने जमा केला, असे तो सांगतो. असा निव्वळ तवंग म्हणजे ‘रूह गुलाब’. तो किलोभर मिळवायचा तर तीन-चार हजार किलो फुले लागतात. त्यामुळे तो नेहमीच्या वापराचा पदार्थ नव्हे. आपण ज्याला अत्तर म्हणतो त्यात गुलाबाचा हा अंश चंदनाच्या तेलात मुरवलेला असतो.

ही मुरवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहाटे खुडलेली फुले आणि पाणी तांब्याच्या मोठ्या देगेत घालतात, झाकणाच्या फटी माती व कापसाने लिंपतात आणि खाली मंद आच ठेवतात. देगेतली वाफ ‘चोंगा’ नावाच्या वेळूच्या नळीतून ‘भपका’ या तांब्याच्या भांड्यात उतरते. भपका थंड पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. वाफ तेथे निवते. गुलाबाचा गंध तेल धरून ठेवते आणि पाणी तळाशी साचते. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालायचे. दुसऱ्या दिवशी फुले ताजी, चंदनाचे तेल मात्र तेच. असे कित्येक दिवस, कधी पंधरवडाभरही चालते. देगेला तापमापक नसतो. आच किती झाली, हे कारागीर हाताच्या स्पर्शाने आणि आवाजाने ओळखतो.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर चंदन हे या अत्तराचे भांडवल आहे आणि गुलाब ही त्यावरची उलाढाल. भांडवलच नसेल, तर उलाढाल कितीही डोळे दिपवणारी असो, संध्याकाळपर्यंत पेढी रिकामी!

अंगावरचा प्रवास

मनगटावर एक थेंब लावल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे गुलाबाची असतात. बागेतल्या ओल्या फुलापेक्षा हा गुलाब निराळा असतो. त्यात थोडा मध असतो, थोडी तुरट हिरवी छटा असते आणि शिजलेल्या पाकळ्यांची गुलकंदासारखी जाड गोडी असते. नवख्या माणसाला या टप्प्यावर अत्तर किंचित उग्र वाटते आणि तो कुपी परत ठेवतो. दुकानातला बहुतेक निवाडा येथेच होतो, आणि तो घाईचा असतो.

अर्ध्या-पाऊण तासाने फूल आत वळते. त्याच्या खालून चंदन वर येऊ लागते. देरासरात केशर-चंदन घासताना ओरसियावरून जो दुधाळ, निवांत गंध येतो, तोच येथे अंगाच्या उबेने अधिक ऊबदार होतो. यापुढे गुलाब व चंदन वेगळे काढता येत नाहीत. लाकडाला फुलाची गोडी आणि फुलाला लाकडाचे वजन मिळते. हा या अत्तराचा सर्वोत्तम काळ, आणि तो कित्येक तास टिकतो. शेवटी उरते ते केवळ चंदन, तेही मनगट नाकाजवळ नेल्यावरच जाणवणारे. कपड्याच्या घडीत ते दुसऱ्या दिवशीही सापडते.

याचे कारण सरळ आहे. गुलाबातील सुगंधी द्रव्ये हलकी असतात व लवकर उडतात. चंदनातील ‘सँटॅलॉल’ जड असल्यामुळे सावकाश उडते आणि हलक्या द्रव्यांनाही काही काळ धरून ठेवते.

हिशेब काय सांगतो?

अस्सल चंदनतेलाचा भाव आज किलोला लाख रुपयांच्या वर आहे. चंदनाच्या खोडाचा सुवासिक गाभा तयार व्हायला अनेक वर्षे जातात, आणि बेसुमार तोडीमुळे आपल्या जंगलांतील चंदन विरळ झाले आहे. लाखाचाच भाव धरला, तरी एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून थोड्या अधिक, तेलाची किंमत साडेअकराशे रुपयांपुढे जाते. त्यात फुले, जळण, मजुरी आणि पंधरा दिवस अडकलेली रक्कम मिळवा. मग ‘चंदनावरचे अस्सल गुलाब अत्तर’ दोनशे रुपये तोळ्याने कसे परवडते, याचे उत्तर आकडे स्वतःच देतात. त्या कुपीत चंदनाऐवजी बहुधा लिक्विड पॅरॅफिन किंवा डीओपी हे कारखान्यातले द्रव असते आणि गुलाबाचा वासही अनेकदा रासायनिक असतो.

स्वस्त अत्तर विकणे हा दोष नव्हे. ज्याला जे परवडते ते त्याने घ्यावे. दोष आहे तो लेबलात. विकणारा चंदन म्हणून पॅरॅफिन देतो, तेव्हा गिऱ्हाईक फसतेच. शिवाय पंधरा दिवस देगेजवळ बसणाऱ्या प्रामाणिक कारागिराचा मालही ‘महाग’ ठरून मागे पडतो. पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर व्यवहार करणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको.

नाकाची परीक्षा मात्र पुरी नाही, कारण चंदनाचा वासही कृत्रिम मिळतो. म्हणून मोठी खरेदी, उदाहरणार्थ लग्नकार्यासाठी, करायची असेल तर बैठक कशाची आहे ते पावतीवर लिहून मागावे आणि तपासणीचा अहवाल मागावा. कन्नौजमध्ये १९९१ साली स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र अशा तपासण्या करते. थोडे घ्यायचे असेल, तर थेंब मनगटावर लावून घरी जावे आणि रात्री पुन्हा हुंगावे. दुकानदार खरा असेल तर तो दुसऱ्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकावर रागावत नाही.

आपल्या घरांसाठी

चंदनावरच्या गुलाब अत्तरात मद्यार्क नसतो. फूल, पाणी आणि लाकूड एवढाच त्याचा संसार. हिना, शमामा अशा मिश्र अत्तरांत मात्र पूर्वी कस्तुरी आणि अंबर वापरले जाई. कस्तुरी हरणाच्या देहातून आणि अंबर देवमाशाच्या आतड्यातून येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा व्यापार आपल्याकडे निषिद्ध आहे, तरीही मिश्र अत्तर घेताना विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अत्तरातला ओलावा निघून जावा म्हणून ते चामड्याच्या कुप्पीत मुरवण्याची जुनी पद्धत आहे. काचेत किंवा धातूच्या भांड्यात मुरवलेले अत्तर मागितले, तर ते मिळू शकते. फुले खुडण्यातील हिंसेचा विचार करून अत्तर न लावणारीही मंडळी आपल्यात आहेत, आणि पर्युषणात किंवा पौषधात सुगंध वर्ज्य करणारी तर अनेक. त्या नियमापुढे कोणत्याही कुपीची शिफारस करण्याचे कारण नाही.

एरवी हे अत्तर थंडीत अधिक खुलते. मुंबईच्या दमट हवेत एक थेंब पुरेसा होतो, तोही सकाळी. मनगट किंवा कानामागची जागा योग्य. नाहीतर जुन्या रीतीने कानात फाया ठेवावा. पांढऱ्या कापडावर व रेशमी पूजावस्त्रावर थेट लावू नये, डाग पडतो. पंगतीत, आजाऱ्याच्या भेटीला जाताना किंवा बंद गाडीतील प्रवासात ते टाळलेले बरे. कुपी गडद काचेची असावी आणि उन्हापासून दूर ठेवावी.

तासाभराने आपल्याला स्वतःचे अत्तर जाणवेनासे होते. नाक त्या वासाला सरावते. अशा वेळी पुन्हा लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. शेजारी बसलेल्याला ते येत असते आणि या अत्तराचा पल्ला तेवढाच आहे. खोलीभर आपली वर्दी देणे त्याच्या स्वभावात नाही. हस्तांदोलनापुरत्या अंतरावर आलेल्या माणसाला ते कळते, आणि पेढीवर बसणाऱ्याला याहून अधिक सुगंधाची गरजही नसते.