केंद्रकातला गडद ठिपका

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याची श्रेणी ठरवताना विकृतिशास्त्रज्ञ पेशीच्या केंद्रकातला एक गडद ठिपका न्याहाळतात. तो ४०० पटीतही नीट दिसत नसेल तर गाठ पहिल्या श्रेणीची; १०० पटीतच डोळ्यांत भरला तर तिसऱ्या. या ठिपक्याचे नाव केंद्रकी. कर्कपेशींत ती फुगलेली असते, हे इटलीच्या ज्युसेप्पे पियानेझे यांनी १८९६ मध्येच नोंदवले होते. ती का फुगते, हे समजण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

केंद्रकी रायबोसोम घडवते, आणि पेशीतले प्रत्येक प्रथिन रायबोसोमवरच जोडले जाते. थोडक्यात, हा यंत्रे बनवणारा कारखाना आहे. माणसाच्या १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या टोकांशी रायबोसोमच्या आरएनएची जनुके आहेत, तीही शेकडो प्रतींत. त्यांच्यावरून निघालेला एक लांब धागा कापून तीन आरएनए मिळतात. चौथा केंद्रकीबाहेर तयार होऊन येतो. सुमारे ८० प्रथिने बाहेरच्या पेशीद्रवात बनतात, केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांतून आत शिरतात आणि या आरएनएवर बसवली जातात. मग रायबोसोमचे दोन भाग वेगवेगळे बाहेर पडतात. जोमाने वाढणारी हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवली जाणारी एक कर्कपेशी) मिनिटाला असे सुमारे ७,५०० भाग तयार करते. एवढा व्याप सांभाळणाऱ्या केंद्रकीला स्वतःचे आवरणदेखील नाही! पेशी विभागताना ती विरघळते आणि नव्या पेशींत पुन्हा जमते.

तिच्यावाचून काय होते, ते १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी दाखवले. केंद्रकी नसलेली बेडकाची पिल्ले आईकडून अंड्यात आलेल्या रायबोसोमवर काही दिवस जगली, पोहायलाही लागली. मग मेली.

केंद्रकाच्या आत प्रत्यक्ष प्रथिनही बनते, असा दावा २००१ मध्ये झाला आणि त्यावरचा वाद अनेक वर्षे चालला. कर्करोगाच्या संदर्भात मात्र रायबोसोमनिर्मितीच जास्त मोलाची वाटते, कारण तिथला पुरावा भक्कम आहे. भराभर विभागायचे तर प्रथिने हवीत, म्हणजे आधी रायबोसोम हवेत. अनेक कर्करोगांत बेताल झालेले ‘मिक’ जनुक नेमके हेच उत्पादन वाढवते.

याच ठिकाणी एक पहाराही आहे. जुळणी अडकली की आरपीएल५ आणि आरपीएल११ ही रायबोसोमची प्रथिने मोकळी राहतात आणि एमडीएम२ या प्रथिनाला धरतात. एमडीएम२चे काम पी५३ला दाबून ठेवण्याचे. ते थांबले की पी५३ वाढते आणि पेशीची विभागणी रोखते किंवा तिला मरणाकडे नेते. अनेक गाठींत पी५३च बिघडलेले असते, तिथे हा पहारा लंगडा पडतो.

१९४० मध्ये सापडलेले ॲक्टिनोमायसिन-डी आजही मुलांच्या मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीवर दिले जाते. कमी मात्रेत ते मुख्यतः केंद्रकीतलेच आरएनए-लेखन थांबवते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे ऑक्झालिप्लॅटिनही पेशी मारते ते बरेचसे रायबोसोमची निर्मिती बिघडवून, असे २०१७ मध्ये दिसले. दोन्ही औषधे वापरात आधी आली, हा खुलासा मागाहून झाला.

सीएक्स-५४६१ या औषधाची आखणी मात्र केंद्रकी डोळ्यांसमोर ठेवूनच झाली. निरोगी पेशीलाही रायबोसोम लागतातच, त्यामुळे मात्रा बेताने ठरवावी लागते. शिवाय ते डीएनएच्या चार पदरी रचनांनाही चिकटते, असे निघाले. म्हणून डीएनएच्या दुरुस्तीला लागणाऱ्या बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या गाठींवर त्याच्या चाचण्या झाल्या. त्यांत काही रुग्णांची त्वचा उन्हाने भाजली, आणि औषध घेणाऱ्यांना ऊन टाळण्याची ताकीद द्यावी लागली.