प्रवेशद्वाराशी झुलणारे वाळवंटी गवत

मेळाव्यास येणारे माजी विद्यार्थी आणि पालक प्रवेशद्वाराजवळच्या जांभळट तुऱ्यांपाशी हमखास थांबतात आणि आम्हांला दोन प्रश्न विचारतात. बोधिवृक्षाखाली बोधिसत्त्वांनी आसनासाठी अंथरले ते हेच गवत काय? आणि, याचा एखादा ठोंब घरी नेता येईल काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सोत्थिय नावाच्या गवत कापणाऱ्याने बोधिसत्त्वांना आठ मुठी गवत दिल्याचे निदानकथेत सांगितले आहे. परंपरा त्यास कुश मानते. आमच्या दाराशी आहे ते निराळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोड्या विस्ताराने द्यावे लागते.

रोपवाटिकांत हे ‘फाउंटन ग्रास’ या नावाने मिळते. कारंज्याच्या धारांप्रमाणे पाती मधून वर उसळून चोहीकडे वाकतात, म्हणून हे नाव. पेनिसेटम सेटॅसियम ही मूळ जात उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या, खडकाळ प्रदेशांतली. आपली बाजरी याच कुळातली. तुरा निरखून पाहिला तर कणसाशी असलेले नाते चटकन ध्यानात येते.

वाळवंटातल्या या गवतास पाण्याच्या टंचाईपेक्षा पाण्याच्या अतिरेकाचे भय अधिक. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून मुरूम व वाळू मिसळून वीतभर उंच वाफा करावा. जागा दिवसभर उन्हाची असावी, सावलीत तुरे विरळ येतात. दोन ठोंबांत दोन ते तीन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी मुळे धरेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी पुरे. पुढे भर उन्हाळ्यातच अधूनमधून द्यावे. खताचा लाड तर मुळीच नको, त्याने पाती लुळी होऊन आडवी पडतात. फेब्रुवारीअखेर सारा झुपका जमिनीपासून वीतभर ठेवून कापावा. दर तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मध्य मरू लागतो. तेव्हा पहिल्या पावसानंतर तो खणून, फोडून, कडेचे जिवंत भाग लावावेत. वाळलेली पाती झटकन पेट घेतात, म्हणून हे गवत स्वयंपाकघराच्या बाजूस लावू नये.

आरंभी आम्ही हिरव्या पात्यांचा, पांढरट-गुलाबी तुऱ्यांचा प्रकार आणला होता. तोही देखणाच. पण दुसऱ्या पावसाळ्यात त्याची रोपे गटाराच्या कडेला, फरशीच्या फटींत, कुंपणापलीकडच्या माळावर उगवलेली दिसली आणि आम्ही सावध झालो. हे गवत परागणावाचूनही बी धरते. ते वाऱ्याने, वाहत्या पाण्याने, वाहनांच्या चाकांबरोबर पसरते आणि काही वर्षे मातीत जिवंत राहते. शोभेसाठी नेलेले हेच गवत हवाई बेटांवर आणि अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोकाट सुटले. वणव्यानंतर ते पुन्हा फुटते, त्याखालची स्थानिक झाडे मात्र जळून जातात. आग सोसण्याची सवय नसलेल्या तिथल्या सग्वारो निवडुंगांना त्याची मोठीच झळ बसते. युरोपीय संघाने २०१७ साली हे गवत आक्रमक परकीय वनस्पतींच्या यादीत घातले. आपल्याकडचे माळ आधीच आक्रसत आहेत. तिथल्या पवन्या-कुसळीच्या जागेवर आमच्या हौसेने अतिक्रमण करावे, हे आम्हांला पटेना. दोन पावसाळे विद्यार्थ्यांसह आम्ही ती रोपे मुळासकट उपटत होतो. तुरे पिकण्याआधीच छाटून पिशवीत भरावे लागत, हा धडाही तेव्हाचाच.

आता दाराशी आहे तो ‘रुब्रम’ हा जांभळा प्रकार. तो सहसा रुजणारे बी धरत नाही, ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. तेव्हा घरी नेण्यास आमची ना नाही. जूनमध्ये, ठोंब फोडण्याच्या वेळी, पिशवी घेऊन यावे. रोपवाटिकेतून विकत घेणार असाल तर पाती जांभळी आहेत ना, एवढे पाहूनच घ्यावे. आणि कोणी पूर्वी आमच्याकडून हिरवा ठोंब नेला असेल, तर त्याचे तुरे या हंगामात पिकू देऊ नयेत.